आधी दिवस, मग कॅमेरा

सातारा शहरात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. गेली नऊ वर्षे त्या मुक्त लेखन करतात. रविवारच्या पुरवण्यांसाठी त्या प्रवासलेख लिहितात आणि एका पर्यटन कंपनीच्या संकेतस्थळासाठी मजकूर तयार करतात. घरखर्चातला त्यांचा वाटा मुख्यतः या दुसऱ्या कामातून येतो. गेल्या वर्षी माण तालुक्यातून मेंढरे घेऊन घाटाकडे निघालेल्या एका धनगर वाड्याबरोबर, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांच्या तांड्याबरोबर, त्या दोन दिवस चालल्या आणि त्यावर लेख लिहिला. लेख ठळकपणे छापून आला, पण त्यासोबत इंटरनेटवरून घेतलेले, बर्फाच्छादित डोंगरापुढे उभ्या असलेल्या भलत्याच मेंढरांचे छायाचित्र लागले. कात्रण पाहून वाड्यातल्या आजी म्हणाल्या, “ही आमची मेंढरं न्हाईत, बाई.” तेव्हापासून प्रवासातली छायापत्रकारिता आपण स्वतःच करावी, असे या भगिनींच्या मनाने घेतले आहे. त्यांच्याकडे १८ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली एकच लेन्स आहे. अडीच लाखांचे कर्ज काढून नवा कॅमेरा घ्यावा, कंपनीचे काम सोडावे आणि महिनाभर लडाखला जाऊन छायाचित्रांचा संच तयार करावा, असा त्यांचा बेत आहे. मुंबईतला वर्षभराचा अभ्यासक्रमही त्यांच्या मनात घोळतो आहे. एका रिसॉर्टने छायाचित्रांच्या बदल्यात मोफत मुक्काम देऊ केला आहे. घरच्यांना ही सगळी हौस वाटते. सुरुवात कुठून करावी आणि आता उशीर तर झाला नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्राची पहिली दोन पाने कॅमेऱ्याविषयी आहेत, तिसरे लडाखविषयी, आणि आजींचे ते वाक्य अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखे आले आहे. मला मात्र तेच वाक्य तुमच्या पत्राचा गाभा वाटले. छायापत्रकारितेकडून वाचकाची जी पहिली अपेक्षा असते, ती आजींनी पाच शब्दांत सांगितली आहे: ज्यांच्याविषयी लिहिले, चित्रही त्यांचेच असावे. त्या वाक्याच्या उजेडात तुमचे बाकीचे बेत तपासून पाहिले, तर काही टिकतील आणि काही आपोआप मागे पडतील, असे मला वाटते.

कर्जापासून सुरुवात करू, कारण त्याची घाई तुम्हाला सर्वांत जास्त आहे. आपल्याला अडवते आहे ती साधने, असे तुम्ही गृहीत धरले आहे. थोडा हिशेब करून पाहा. मासिकाचे ए-फोर आकाराचे पूर्ण पान चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके या मापाने भरायचे, तर सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. समोरासमोरची दोन पाने व्यापणाऱ्या छायाचित्राला सुमारे साडेसतरा लागतात. तुमचा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा तेही करू शकतो, आणि वर्तमानपत्राच्या कागदाला तर त्याहून बरेच कमी लागते. जुना कॅमेरा अडतो तो अंधारात. चुलीच्या उजेडात किंवा तांबडे फुटण्यापूर्वी त्याच्या छायाचित्रांत दाणे उमटतात, आणि तुमचा विषय नेमका त्याच वेळी घडतो. त्यावर तुलनेने स्वस्त उपाय आहे. ३५ मिलिमीटरची, एफ/१.८ इतकी उघडणारी एक स्थिर लेन्स, शक्य तर वापरलेली, घ्या. सोबत आलेली लेन्स त्याच अंतरावर जेवढा प्रकाश आत घेते, त्याच्या साधारण सहापट प्रकाश ही घेते, आणि तिला झूम नसल्यामुळे जवळचे दृश्य हवे असेल तेव्हा तुम्हाला स्वतःला जवळ जावे लागते. माणसांत काम करणाऱ्या छायाचित्रकाराला ही सवय लवकर लागलेली बरी.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेही आलेली नाही. एका नियतकालिकासाठी मजकूर आणि छायाचित्रे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे केले. लेखकांनी स्वतः काढून पाठवलेली छायाचित्रे पाहताना एक गोष्ट वारंवार दिसायची: लेखात पहाट असायची आणि छायाचित्रांत दुपार. लेखक अकरा वाजता पोहोचतो, पहाटे काय घडले ते चार जणांना विचारतो, आणि लिहिण्याची हातोटी असेल तर ती पहाट वाचकापुढे उभी करतो. यात गैर काहीच नाही, लेखनाची ती ताकदच आहे. छायाचित्राला मात्र ही सवलत नसते. वाडा पहाटे हलत असेल, तर त्याच्याही आधी तुम्ही तिथे जागे असायला हवे, आणि त्या दिवशी पाऊस आला, धुके पडले किंवा वाडा हललाच नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा असायला हवे. जो लेख तुम्ही दोन दिवसांत लिहिलात, त्याच विषयाच्या छायाचित्रांना निदान सात-आठ दिवस लागतील आणि तेही एका दमात नव्हे, वेगवेगळ्या ऋतूंत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की तुम्ही कर्ज काढू नये. तुम्हाला दिवस हवे आहेत, आणि हप्ता सुरू झाला की तेच सर्वांत आधी विकावे लागतात. लग्नाचे फोटो, हॉटेलांचे फोटो, वाढीव मजकुराची कामे यांत महिना सरतो आणि नवा कॅमेरा ज्या कामासाठी घेतला ते बाजूला राहते. याच कारणासाठी कंपनीचे कामही लगेच सोडू नका. ते थोडे कमी करा आणि महिन्यातले पाच किंवा सहा दिवस आधीपासून राखून ठेवा. त्या दिवसांवर लग्नकार्य आणि आजारपण सोडून दुसऱ्या कशाचाही हक्क नाही, असे घरात सांगून ठेवा. कर्जासाठी धरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा जरी वर्षभरात बाजूला टाकता आला, तरी एसटीचे भाडे, मुक्काम आणि बुडालेल्या कामाची भरपाई यांत तो जितका उपयोगी पडेल तितका कॅमेऱ्यात पडणार नाही.

आता लडाख. प्रवासातली छायापत्रकारिता म्हणजे दूरच्या प्रदेशातली छायाचित्रे, ही समजूत फार जणांची आहे, आणि मी ती जरा हलवून पाहू इच्छितो. लडाखमध्ये तुम्हाला ओळखणारे कोणी नाही, तिथली भाषा तुम्हाला येत नाही आणि हातात महिनाच आहे. अशा वेळी माणूस प्रामाणिकपणेही तीच छायाचित्रे काढतो, जी त्याच्या आधी आलेल्यांनी काढली आहेत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या होमाई व्यारावाला यांना पहिले काम मिळाले ते एका सहलीची छायाचित्रे काढण्याचे, आणि तेव्हा त्या मुंबईत शिकत होत्या. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. ज्या शहरात ते काम करत होते त्याच शहरातला, रोज डोळ्यांपुढे असूनही कोणी न पाहिलेला हा विषय होता. दोघांचीही सुरुवात पोहोचता येईल अशा ठिकाणाहून झाली.

तुमच्या दारातलेच एक उदाहरण घ्या. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि तेव्हापासून पावसाळ्याच्या अखेरीस दूरदूरहून लोक तिथे फुलांची छायाचित्रे काढायला येतात. त्यांच्यासाठी कास हाच लांबचा प्रवास असतो. फुलांची सुंदर छायाचित्रे तिथे हजारोंनी निघतात. पण प्रवेशद्वारावर उभे राहणारे कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतले लोक, पर्यटकांच्या संख्येवर घातलेली मर्यादा, पठारावरच्या कुंपणावरून आणि बंद झालेल्या चराईवरून झालेला वाद, फुलांचा हंगाम सरल्यावरची त्या गावांची मिळकत, हे सगळे एका मालिकेत कितीदा आले आहे? जाणारा आणि ज्याच्याकडे जायचे तो, या दोघांमधले नाते हा प्रवासाच्या पत्रकारितेचा विषय आहे, आणि ते नाते साताऱ्यातून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. लडाखला जरूर जा, पण पाच वर्षांनी, एखादा प्रश्न घेऊन जा.

मी तुमच्या जागी असतो तर मेंढरांच्या वाटेनेच पुन्हा गेलो असतो. तिथे तुम्हाला नावाने हाक मारणारी माणसे आहेत, आणि तो विषय प्रवासाचाच आहे. किंबहुना आपल्याकडे इतके जुने आणि इतके नियमित प्रवासी थोडेच असतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडा गाव सोडतो, पावसाळ्यापूर्वी परततो, आणि मधले महिने शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवत, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेत पुढे सरकतो. याची मालिका करायची तर आठ ते बारा छायाचित्रे पुरतात, पण त्यांतल्या प्रत्येकाने वेगळे काम करायला हवे. डांबरी रस्त्यावर ट्रकांच्या रांगेशेजारून निघालेला अख्खा कळप एका छायाचित्रात दिसू दे, म्हणजे वाचकाला प्रदेश कळेल. घोड्यावर लादलेले बिऱ्हाड आणि त्यावर बांधलेली कोंबडी जवळून दिसू दे. रानात संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावणारे हात, शेतकऱ्याशी सौदा चाललेला असताना दोघांचे चेहरे, तीन दगडांची चूल मांडणारी बाई, आदल्या रात्री जन्मलेले कोकरू उचलून चालणारे पोर, आणि आजींचे एक शांत, समोरून घेतलेले छायाचित्र. वाडा उठून गेल्यावर मागे राहिलेले रिकामे रान मला शेवटी पाहायला आवडेल. सुरुवातीला सगळी छायाचित्रे मधल्याच अंतरावरून निघतात, आठ-दहा फुटांवरून, संकोचामुळे; घरी आल्यावर ती एकाखाली एक लावून पाहा, तुमच्या लक्षात येईल.

मग लेख कशासाठी, असे तुम्ही विचाराल. लेख तिथे जावा जिथे कॅमेरा पोहोचत नाही. एका रात्रीच्या बसवणीला काय मिळाले, पूर्वी काय मिळायचे, कोणत्या गावात आता रान मोकळे राहिले नाही, मुलांच्या शाळेचे काय केले, हे वाक्यांनीच सांगता येते. छायाचित्रात दिसणारा लाल पटका लेखात पुन्हा वर्णन केलात, तर दोन्ही दुबळे होतात. लिहिताना छायाचित्रे शेजारी ठेवा आणि त्यांत जे आले आहे ते लेखातून काढून टाका. तुम्हाला हे जड जाईल, कारण तुमचे लेखन वर्णनाच्या बळावर उभे आहे, पण लेखकाने छायाचित्रकार होण्यातला खरा अभ्यास मला याच काटछाटीत दिसतो. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात असे कितीतरी वृत्तांत आहेत ज्यांत शब्द आणि छायाचित्रे एकाच पत्रकाराची आहेत, आणि ते मराठीतही वाचायला मिळतात. त्यांतले दहा निवडा आणि कोणती माहिती शब्दांकडे, कोणती चित्राकडे आणि कोणती फोटोओळीकडे दिली आहे, एवढेच वहीत टिपत जा.

फोटोओळीचे महत्त्व मी चूक करून शिकलो. तरुणपणी पालखी सोहळ्यात दिवे घाटात दोन दिवस छायाचित्रे काढून मी परतलो. त्यांतल्या एकात तुळस डोक्यावर घेतलेली एक वृद्ध स्त्री घाटाच्या वळणावर क्षणभर थांबून मागे पाहते आहे. संपादकांनी ते लगेच निवडले आणि विचारले, या कोण? मला नाव, गाव, दिंडी काहीच सांगता येईना, कारण मी विचारलेच नव्हते. छायाचित्र ‘एक वारकरी’ अशा ओळीखाली छापले गेले. आजही ते पाहताना मला अपराधी वाटते, कारण त्यांचा चेहरा मी घेतला आणि नाव रस्त्यावर सोडून आलो. तुम्ही नऊ वर्षे माणसांना नाव, गाव, वय, कामधंदा विचारत आला आहात, त्यामुळे या बाबतीत तुम्ही अनेक छायाचित्रकारांच्या पुढे आहात. कॅमेऱ्यातले घड्याळ फोनशी जुळवून घ्या, माणसाशी बोलणे झाले की फोनवर आवाजी टिपण करा, आणि त्याच रात्री झोपण्यापूर्वी ओळी लिहून सगळ्या छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. संपादकांना ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ती आक्रसतात आणि छपाईला निकामी होतात.

एका गोष्टीविषयी मला तुम्हाला अधिक सावध करायचे आहे. लेखात तुम्ही नाव बदलू शकता, गाव गाळू शकता. छायाचित्रातला चेहरा आणि त्यामागची टेकडी बदलता येत नाही. समजा मेंढरे चराईला बंदी असलेल्या वनजमिनीत शिरली आहेत आणि संध्याकाळच्या उन्हात ते दृश्य फार देखणे दिसते आहे. ते छापले तर दंड कोणाला भरावा लागेल? बाईमाणसे, लहान मुले, घरातले भांडण, आजारपण यांबाबतही हाच प्रश्न विचारा, आणि परवानगी मागताना ‘फोटो काढू का’ एवढ्यावर न थांबता हा फोटो पेपरात येईल आणि कोणीही पाहू शकेल, हेही सांगा. नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवा आणि तिथेच बसून राहा. माणसे पुष्कळदा आपणहून पुन्हा बोलावतात आणि नाही बोलावले तरी तो त्यांचा हक्क आहे.

सत्याचा दुसरा भाग घरी, संगणकापुढे येतो. फेब्रुवारी १९८२ च्या अंकात नॅशनल जिओग्राफिकने गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले. त्यावर मोठी टीका झाली आणि ते करायला नको होते, हे पुढे त्या मासिकानेही मान्य केले. उजेड-अंधार थोडा जुळवणे, कडा कापणे इथपर्यंत ठीक. विजेची तार पुसणे, आभाळात ढग आणणे, कळप पुन्हा मागे नेऊन परत चालायला लावणे, यांतले काहीही करू नका. विजेची तार त्या रानात आहे, तर ती छायाचित्रातही असू दे.

रिसॉर्टच्या मुक्कामाचे उत्तर यातूनच निघते. तो मुक्काम स्वीकारायचा तर जाहिरातीचे काम म्हणून स्वीकारा, रीतसर मानधन ठरवा, बिल द्या आणि ती छायाचित्रे कोणत्याही संपादकाकडे वृत्तांत म्हणून पाठवू नका. कंपनीसाठी ज्या ठिकाणाविषयी लिहाल, त्यावर पुरवणीत लिहिण्याचा मोह वर्षभर तरी टाळा, आणि कधी कोणाचे आतिथ्य घेतले असेल तर संपादकांना आधीच सांगा. दोन्ही कामे प्रतिष्ठेने करता येतात, फक्त त्यांची सरमिसळ वाचकाच्या नकळत होता कामा नये.

मानधनाविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे: संपादक ‘फोटो आहेत का’ विचारतात आणि वेगळे काही देत नाहीत. पुढच्या वेळी लेख पाठवतानाच मेलमध्ये लेखाचे आणि छायाचित्रांचे मानधन वेगवेगळे लिहा, आणि छायाचित्रे एकदाच छापण्यासाठी दिली आहेत असेही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढणाऱ्याचा असतो, पण कोणी मोबदला देऊन ते काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे आजींचे छायाचित्र हा तुमच्या मुलांपर्यंत जाणारा ठेवा आहे. आणि छायाचित्राखाली तुमचे नाव हवेच, त्यावर तडजोड करू नका. होमाईंची सुरुवातीची छायाचित्रे त्या अनोळखी आणि स्त्री असल्यामुळे पतीच्या नावाने छापली गेली होती.

मराठीत अशा मालिकेला जागा कुठे, हाही प्रश्न आहे. पुरवण्यांची पाने आखडली आहेत हे खरे, पण १९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा अजूनही लांब लेखाला आणि छायाचित्रांच्या पानांना सामावून घेते. फक्त तिथे हंगाम उलटा धरावा लागतो. वाडा या दिवाळीत निघेल, तुमचे काम पावसाळ्यापर्यंत चालेल, आणि ते छापले जाईल पुढच्या दिवाळीत. म्हणून एप्रिल-मेमध्येच संपादकांना अर्ध्या पानाचा प्रस्ताव आणि पाच छायाचित्रे पाठवा. गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची आखणी झालेली असते.

वर्षभराचा अभ्यासक्रम मी आत्ता सुचवणार नाही. कॅमेरा चालवणे सरावाने येते. चारशेतून बारा निवडणे मात्र एकट्याने शिकता येत नाही. त्यासाठी तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या अनुभवी वृत्तछायाचित्रकाराला दर दोन महिन्यांनी छायाचित्रे दाखवा आणि त्यांनी बाजूला काढलेल्यांची कारणे विचारा. वयाची काळजी करू नका. अनोळखी बाई वाड्यात येऊन बसली आणि तिच्याशी बायका मोकळेपणाने बोलल्या, यात तुमच्या ३६ वर्षांचाही वाटा आहे. एकटीने मुक्काम करताना ओळखीच्या बिऱ्हाडाजवळच राहा आणि वाट कोणत्या गावांवरून जाणार ते घरी लिहून ठेवा. घरचे हौस म्हणतात ते मनाला लावून घेऊ नका. राखून ठेवलेले दिवस तुम्ही वर्षभर पाळलेत की त्यांचा शब्द बदलेल.

तुमच्या फोनमध्ये आजींची दोन छायाचित्रे आहेत, असे तुम्ही तळटीपेत लिहिले आहे. या आठवड्यात साताऱ्यातल्याच एखाद्या स्टुडिओत त्यांच्या चांगल्या कागदावर प्रती काढून घ्या, मागे तारीख आणि आजींचे पूर्ण नाव लिहा, आणि वाडा निघण्याआधी, दसऱ्यापूर्वीच, त्या माणला नेऊन आजींच्या हातात द्या. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवलात तरी चालेल. यंदा कोणत्या दिवशी निघणार, पहिला मुक्काम कुठे आणि पहाटे किती वाजता उठणार, एवढे मात्र विचारून या.